नऊवारी, साडेअकरा इंची

साडेअकरा इंच उंचीच्या बाईला नऊवारी नेसवायची, तर कापड किती लागेल? शाळेत असला प्रश्न आला असता, तर त्रैराशिकात मी कदाचित पास झालो असतो. पण तो मला पडला वयाच्या पासष्टाव्या वर्षी, तोही घरच्या जेवणाच्या टेबलावर. बाहुली माणसाच्या सहाव्या हिश्शाची. म्हणजे नऊ वार भागिले सहा, दीड वार. पन्हा आठ इंच. मी विजयी मुद्रेनं उत्तर सांगितलं. सौ. म्हणाली, "अहो, लांबी-रुंदी भागलीत, जाडी कोण भागणार?"

सगळी ग्यानबाची मेख तिथंच आहे. कापडाची जाडी सहानं भागता येत नाही. नव्या कोऱ्या रेशमाच्या निऱ्या खोचल्या, की बाहुली थेट आठव्या महिन्यातली दिसू लागते. म्हणून कापड हवं धुऊन धुऊन विरलेलं. काठ हवा अर्ध्या इंचाचा. लहानात लहान टिचबटणसुद्धा तिच्या पाठीवर ताटलीएवढं दिसतं. हे सगळं मला तोंडपाठ झालंय, कारण आमच्या काचेच्या कपाटात अशा चाळीस बाहुल्या उभ्या आहेत आणि त्यांतल्या एकीच्याही अंगावर दुकानातला कपडा नाही.

घरी येणारा माणूस कपाटाकडे बघतो आणि हमखास विचारतो, "नातीसाठी वाटतं?" ही शांतपणे सांगते, "नाही, माझ्यासाठी." मग खोलीत जी शांतता पसरते, ती मला सोसत नाही. म्हणून एकदा एका जुन्या स्नेह्यानं विचारलं तेव्हा हिच्या आधी मीच बोलून गेलो, "हो, नातीसाठी!"

आम्हाला नात नाही. ही आत चहा गाळत होती. चहा आला, तो बिनसाखरेचा. मी मुकाट्यानं प्यायलो.

प्रायश्चित्त म्हणून मी बाहुल्यांचा इतिहास वाचायला घेतला. आणि कळलं ते असं, की चिंध्यांची ठकी मुलांची हे खरं. पण कपडे दाखवण्यासाठी नटवलेली बाहुली, जिला फॅशन डॉल म्हणतात, ती मुळात खेळायला आलीच नव्हती. ती नोकरीला होती! सन १६०० मध्ये फ्रान्सचा राजा चौथा आन्री याचं लग्न इटलीतल्या मारी द मेदिचीशी झालं. फ्रान्समध्ये काय नेसतात हे नवरीला कळावं म्हणून नवरदेवानं काय पाठवलं? नमुन्याचे कपडे घातलेल्या बाहुल्या. पुढं अठराव्या शतकात पॅरिसहून अशा बाहुल्या युरोपभरच्या दरबारांत जाऊ लागल्या. त्यांना 'पँडोरा' म्हणत. थोरली दरबारी पोशाखाची, धाकटी घरगुती कपड्यांची. मारी आंत्वानेतचे कपडे बेतणारी रोज बेर्तँ हिनंही अशा बाहुल्या नटवल्या. फ्रान्स आणि इंग्लंड एकमेकांवर तोफा डागत असतानाही या बाहुल्यांना वाट मिळे. पुढं छापील फॅशनची मासिकं निघाली आणि बाईंची नोकरी गेली.

मग मला एक मुलगी भेटली. केन्सिंग्टनच्या राजवाड्यात राहणारी, समवयस्क सवंगड्यांवाचून वाढलेली. तिनं आणि तिच्या गव्हर्नेसनं, लेझेनबाईंनी, मिळून १३२ लाकडी बाहुल्यांना कपडे केले. त्यांतल्या ३२ मुलीच्या स्वतःच्या हातच्या. कुणी ऑपेरातली नायिका, कुणी बॅलेतली नर्तिका. एका वहीत तिनं बाहुलीचं नाव, सोंग कुणाचं आणि कपडे कुणी शिवले, याची चोख नोंद ठेवली होती. ही मुलगी १८३७ साली राणी झाली. जिचं तोंड आमच्या पणजोबांनी बंद्या रुपयावर पाहिलं, तीच ही व्हिक्टोरिया! हिंदुस्थानची सम्राज्ञी होण्यापूर्वी बाईंनी बोटभर झग्यांना हेम घातली होती. हे वाचल्यावर आमच्या कपाटाकडे बघताना माझी मान जरा ताठ झाली.

पण मला खरं गप्प केलं ते १९४५ च्या पॅरिसनं. जर्मन फौजा गेलेल्या, महायुद्ध मात्र चालूच. कोळसा नाही, अन्न नाही, कापड नाही. मोठमोठ्या शिंप्यांपुढे प्रश्न, माणसांना घालायला कापड नाही तर कला दाखवायची कशी? त्यांनी तारेच्या बाहुल्या केल्या, माणसाच्या तिसऱ्या हिश्शाच्या, दोनशेहून अधिक. बालेन्सियागा, नीना रिची, स्कियापारेली अशा नामवंतांनी कपडे बेतले. लहान म्हणून काम फसवं नाही. हातमोजे, बूट, टोप्या, सगळं खऱ्यासारखं. मार्चमध्ये प्रदर्शन भरलं. त्यातून युद्धपीडितांसाठी पैसा उभा राहिला. आपल्या बोटांतली विद्या अजून शाबूत आहे, हे एका भुकेल्या शहरानं बाहुल्यांकरवी जगाला कळवलं. पुढं १९४६ मध्ये त्या अमेरिकेत गेल्या, सॅन फ्रान्सिस्कोत मागं राहिल्या आणि अखेर वॉशिंग्टन राज्यातल्या मेरीहिल संग्रहालयात स्थिरावल्या. नातीसाठी म्हणे!

आता हिच्या साडेअकरा इंची बाईंची कुळकथा. रूथ हँडलर या अमेरिकन बाईंनी पाहिलं, की त्यांची मुलगी बार्बरा कागदी बाहुल्यांना मोठ्या बायका समजून खेळते. पुढं युरोपच्या प्रवासात त्यांना 'लिली' नावाची जर्मन बाहुली दिसली. वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रावरून केलेली आणि मुख्यतः प्रौढ पुरुषांना विकली जाणारी! तिच्यावरून बार्बी घडली आणि ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळणी-मेळ्यात अवतरली. किंमत तीन डॉलर. बाहुलीपेक्षा तिच्या कपड्यांचा धंदा मोठा, हे लग्नघराचं यजमानपद केलेल्या कुणालाही पटेल. आज काही संग्राहक तिला खोक्यातून बाहेरच काढत नाहीत. खोकं उघडलं की किंमत उतरते. आपल्याकडे पैठणी याच हिशेबानं ट्रंकेत ठेवतात आणि एके दिवशी ती घडीवर चिरते.

आपल्या दिल्लीचंही एक उदाहरण सापडलं. व्यंगचित्रकार शंकर यांना हंगेरीच्या राजदूतांनी एक बाहुली दिली. त्या एका बाहुलीपासून छंद लागला आणि १९६५ मध्ये चक्क बाहुल्यांचं संग्रहालय उभं राहिलं. तिथल्या कार्यशाळेत भारतीय वेशांतल्या बाहुल्या करायच्या आणि त्या देऊन परदेशी बाहुल्या घ्यायच्या, असा रीतसर व्यवहार. शंकरना कुणी "नातीसाठी का हो?" असं विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

गेल्या महिन्यात तेच स्नेही पुन्हा आले. बसता बसताच म्हणाले, "काय, नात काय म्हणते?"

मी म्हणालो, "नात नाही. मागं मी खोटं बोललो. बाहुल्या हिच्या आहेत, कपडेही हिनंच शिवलेत." आणि श्वास न घेता सन १६०० पासून सुरुवात केली. आन्री झाला, व्हिक्टोरिया झाली. पॅरिसला पोचलो तेव्हा ही म्हणाली, "अहो, भावजींना चहा तरी घेऊ द्या!"

चहात साखर होती.

स्नेही कप हातात धरून बराच वेळ कपाटासमोर उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, आमच्या हिची एक साडी आहे. ती गेल्यापासून तशीच पडलीय. फार जुनी, पार विरलीय. तुमच्या काही उपयोगाची नसेल म्हणा..."

"आणा की," ही म्हणाली, "विरलेलीच हवी. तिच्याच निऱ्या नीट पडतात."