पवनेचा पूर आणि आमचीं घरें

पिंपरी-चिंचवडचा इतिहास बहुधा कारखान्यांच्या नांवांनीं सांगितला जातो. आम्ही तो येथें घरांच्या भिंतींवरून थोडक्यांत सांगूं इच्छितों.

पूर्वीं पवनाकांठीं मुख्यतः शेतें व घाट असत. चिंचवडास नदीलगत मोरया गोसावी ह्यांचें दगडी समाधिमंदिर आहे. पावसाळ्यांत तेथें वारंवार पाणी शिरतें. परंतु तें ओसरतांच गाळ धुऊन काढला म्हणजे मंदिर पूर्ववत् दिसतें. मातींत बांधलेल्या घरांस हें भाग्य लाभत नसे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत व खडकवासला हीं धरणें फुटून मुठेचा लोंढा शेजारच्या पुणें शहरांत शिरला, तेव्हां मातीच्या भिंतींचे अनेक जुने वाडे विरघळून कोसळले.

इकडे पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. १९७० सालीं नगरपालिका व १९८२ सालीं महानगरपालिका झाली. चाकरीसाठीं दूरदूरचीं कुटुंबें आलीं, आणि घरें हळूहळू नदीकडे सरकलीं. पवना धरणानें पाण्याची सोय झाली. तथापि धरण भरल्यावर पाणी सोडावेंच लागतें. २५ जुलै २०२४ रोजीं पवना व मुळा ह्यांच्या कांठच्या सखल वस्त्यांत पुन्हां पाणी घरांत आलें.

आतांचीं घरें विटा-सिमेंटचीं आहेत. तीं पडत नाहींत. म्हणूनच पूर ओसरला कीं संकट टळलें, असा समज होतो. वस्तुतः वीट पाणी शोषून घेते व तें भिंतींत वर चढवितें. तें बाहेर पडतांना आंतील क्षार पृष्ठभागावर येऊन पांढरा लोणा धरतो, आणि तो फुगून गिलावा सुटतो. ओल्या गाद्या, कपडे व लांकूड ह्यांस एकदोन दिवसांतच बुरशी लागूं शकते. लहान मुलें व दमेकरी ह्यांस ती फार बाधते.

घाईनें तैलरंग लावल्यास ओल आंतच कोंडते, आणि गरीब संसारास तोच खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो. ह्यास्तव प्रथम वीज बंद करावी, गाळ धुवावा, भिजलेलें सामान बाहेर काढावें, सुटलेला गिलावा खरवडावा व खिडक्या उघडून वारा खेळूं द्यावा. श्रावण-भाद्रपदाच्या दमट हवेंत भिंत वाळत नाहीं. तिला कोरडे दिवस लागतात. नाताळापूर्वीं सफेदी करण्याची रीत आहेच. रंगाचें काम तोंवर थांबविणें हिताचें.

सफेदीपूर्वीं मात्र एक करावें. भिंतीवरील पुराच्या रेघेची उंची वर्षासह टिपून ठेवावी. त्या घरांत पुढें राहणारांस विजेचीं बटणें व धान्याचे डबे किती उंच ठेवावे, हें त्यावरून कळेल.