भूजल निरीक्षण-रचना, घातक कचरास्थळांची

घातक कचऱ्याच्या भरावातून झिरपणारे द्रव्य भूजलात उतरते का, हे वेळीच कळावे म्हणून केलेली विहिरींची मांडणी. अमेरिकेच्या १९८० च्या नियमांनी भूजलप्रवाहाच्या वरच्या अंगाला किमान एक व खालच्या अंगाला तीन विहिरी सांगितल्या. वरची विहीर मूळ पाण्याची प्रत दाखवते. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे घातक कचऱ्याची अशी स्थळे आहेत. पण विहिरींच्या मांडणीची खरी कसोटी खडकात लागते. आष्टी (जि. बीड) तालुक्यासारख्या बेसाल्टी, अवर्षणप्रवण मुलखात पाणी मुरमातून, भेगांतून आणि लाव्हाथरांच्या सांध्यांतून वाहते, एका विहिरीला पाणी लागते, शेजारची कोरडी जाते. म्हणून नकाशावर समान अंतरे आखून विहिरी खोदणे धोक्याचे आहे. आधी भेगांची दिशा शोधावी, प्रत्येक जलधर थराला स्वतंत्र विहीर द्यावी, आणि नमुने पावसाळ्यापूर्वी व नंतरही घ्यावेत.