खजुरीखालची स्त्री

कुवेतमधील वफ्रा येथे नोकरीस असताना शेतांतील खजुरीच्या रांगा रोज दृष्टीस पडत आणि मला काशाची तीन नाणी आठवत.

पहिले यहूदियाचा रोमन अधिकारी वॅलेरियस ग्रेटस याचे. रोमच्या नाण्यांवर सम्राज्ञी व देवता यांच्या प्रतिमा सर्रास असत. यरुशलेमच्या परिसरात मात्र आपला मूर्तिनिषेध जाणून त्याने सम्राट तिबेरियसची माता जुलिया हिचे केवळ नाव पर्णमालेत कोरविले. मागे खजुरीची फांदी.

दुसरे इ. स. ७१ मधील, सम्राट व्हेस्पेशियनचे. बेथ हमिकदाश आदल्याच वर्षी जळाले होते. नाण्यावर खजुरीचे झाड, त्याखाली शोकमग्न बसलेली स्त्री आणि अक्षरे ‘यहूदिया कॅप्टा’, म्हणजे जिंकलेला यहूदिया. रोमची सम्राज्ञी देवतेच्या तोलाची. आपली भूमी मात्र बंदिनी.

तिसरे बार कोखबाच्या उठावातील, १३२ ते १३५ या काळातले. आपल्या लोकांनी रोमन नाण्यांवरच्या प्रतिमा बुजवून त्यांवरच नवा ठसा मारला. खजूर तीच, खाली रडणारी स्त्री नाही.

उठाव चिरडला गेला, नाणी उरली. बिरड्याच्या रोज्याला आपण दुसऱ्या नाण्याचा शोक करतो. त्या दिवशी तिसरेही मुलांना सांगावे, एवढीच माझी विनंती.