जीर्णोद्धार आणि जतन : नगर जिल्ह्यातील जुन्या वाहनांच्या अनुषंगाने

१

इतिहासाची साधने म्हटली की बखरी, दप्तरे, नाणी, ताम्रपट व शिलालेख यांचाच विचार आपल्याकडे प्रथम होतो. यंत्रांची गणना या साधनांत क्वचितच केली जाते. मोटारगाडीच्या वाट्याला तर अभ्यासकांची उपेक्षाच अधिक आली आहे. जुनी मोटार मिळवून ती पुन्हा चालती करणे हा हौशी व सधन मंडळींचा छंद होय, इतिहासाशी त्याचा संबंध काय, अशीच सर्वसाधारण समजूत आढळते. तथापि मुंबईच्या रस्त्यांवर पहिल्या मोटारी १८९८ च्या सुमारास आल्या, हे लक्षात घेता महाराष्ट्रातील मोटारीच्या इतिहासाला सव्वाशे वर्षे उलटून गेली आहेत. त्या इतिहासाचा पुरावा कागदांत जितका आहे तितकाच लोखंडात, लाकडात व पत्र्यात आहे. आणि हा दुसरा पुरावा ज्यांच्या हाती आहे ते बहुतांशी छंदी लोक व त्यांचे मिस्त्री आहेत.

जुने वाहन टिकविले म्हणजे नेमके काय टिकविले, हा या विषयातील मूळ प्रश्न आहे. अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) या प्रश्नाच्या विचारास विशेष सोयीचा आहे. वाहन टिकण्याचे आणि न टिकण्याचेही वेगवेगळे प्रकार या एकाच जिल्ह्यात पाहावयास मिळतात.

२

पहिला प्रकार लष्करी संग्रहाचा. नगर येथे चिलखती दलाच्या शिक्षणाची परंपरा ब्रिटिश अमदानीपासून चालत आलेली आहे. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये येथील निरनिराळ्या संस्था एकत्र येऊन आजचे चिलखती दल केंद्र व प्रशाला आकारास आली, आणि तिनेच फेब्रुवारी १९९४ मध्ये रणगाडा संग्रहालय स्थापन केले. तेथील सुमारे पन्नास वाहनांत ब्रिटिश माटिल्डा, व्हॅलंटाइन व चर्चिल, जपानी बनावटीचे हलके व मध्यम रणगाडे, भारतातच बांधलेला विजयंता, तसेच पाकिस्तानी सैन्याकडून हस्तगत केलेला पॅटन यांचा समावेश होतो.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या संग्रहातील सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे रोल्स-रॉइसची चिलखती मोटार. ती त्या कंपनीच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ या सुप्रसिद्ध गाडीच्या चासीवर उभी आहे. ही गाडी मूळची ऐषआरामाची. १९०८ मध्ये मुंबईहून कोल्हापूरपर्यंत घाट ओलांडून मोटारींची जी चाचणी झाली, तीत याच जातीच्या एका गाडीने नाव मिळविले व पुढे ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली. सहा सिलिंडरांचे तिचे इंजिन प्रारंभी ७,०३६ घन सेंटिमीटरांचे होते, ते पुढे ७,४२८ घन सेंटिमीटरांचे झाले. वेगापेक्षा टिकाऊपणा व शांत चाल हे तिचे गुण होते. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश आरमाराच्या हवाई विभागाने याच चासी ताब्यात घेऊन त्यांवर पोलादी पत्रे व फिरता बुरूज बसविला. जो सांगाडा चार-सहा माणसांच्या सुखासाठी घडला होता, त्यावर सुमारे चार टनांचे ओझे आले. त्यासाठी पाटे भक्कम करावे लागले व मागील बाजूस जोडचाके बसवावी लागली.

अशा मोटारीचे मूळ रूप कोणते मानावयाचे? राजेरजवाड्यांची गाडी की युद्धयंत्र? संग्रहालयाने दुसरे उत्तर स्वीकारले आहे व ते योग्यच आहे. येथे वाहन स्मारक झाले आहे. त्याचे आकारमान, चिलखताची जाडी व तोफेची रचना हे सारे अभ्यासकास डोळ्यांनी पाहता येते. परंतु इंजिन सुरू करताना चालकाला काय करावे लागे, उन्हाळ्यात त्या पोलादी पेटीत बसणे कसे होते, हे ज्ञान स्थिर वाहन देऊ शकत नाही.

३

दुसरा प्रकार याहून निराळा आहे. नगरच्या उत्तरेस पिंपळगाव माळवीजवळ मेहेराझाद येथे मेहेरबाबांच्या (१८९४–१९६९) वापरातील एका बसचा सांगाडा जपून ठेवलेला आहे. रंगावरून तिला ‘निळी बस’ म्हणतात. १९३८-३९ मध्ये मेहेरबाबांनी आपल्या पाश्चात्त्य व भारतीय अनुयायांसह या बसमधून देशभर दूरवर प्रवास केला. त्या प्रवासात बस चालविण्याचे काम एलिझाबेथ पॅटरसन या अमेरिकन शिष्येने केले. पुढे १९४९ च्या जून-जुलैमध्ये त्यांनी जो चाळीस दिवसांचा एकांतवास पाळला, त्या वेळी याच बसचा सांगाडा खोलीसारखा उपयोगात आणला गेला.

वाहनाचे वाहनपण येथे संपले आणि त्यानंतरच ते टिकले. चाके व इंजिन ही कोणाच्याही आस्थेचा विषय नव्हती. टिकली ती बसण्याची जागा, कारण ती एका व्यक्तीच्या सहवासाने पावन मानली गेली. तथापि अभ्यासकाच्या दृष्टीने या भक्तीचा एक अनपेक्षित लाभ आहे. १९४० पूर्वीच्या प्रवासी बसचा सांगाडा सहसा राहत नाही. तो येथे राहिला आहे तो मोटारींच्या कोणा शौकिनामुळे नव्हे.

४

याच जिल्ह्यातील न टिकलेल्या वाहनाचाही येथे विचार करणे प्राप्त आहे. १ जून १९४८ रोजी तत्कालीन मुंबई प्रांतातील राज्य परिवहनाची पहिली बस नगर व पुणे यांच्या दरम्यान धावली. बेडफर्डची चासी, लाकडी सांगाडा आणि काथ्याच्या गाद्या असे त्या आरंभीच्या बसगाड्यांचे स्वरूप होते. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात या गाड्यांचे स्थान कोणत्याही संस्थानिकाच्या रोल्स-रॉइसहून मोठे आहे. बाजार, न्यायालय, शाळा व रुग्णालय यांच्याशी खेड्याचा संबंध नियमित वेळापत्रकाने जोडला गेला तो त्यांच्यामुळे.

असे असूनही जुन्या मोटारींच्या मेळाव्यांत त्या पिढीच्या बसगाड्या दिसत नाहीत. याचे कारण उघड आहे. बस अखेरपर्यंत राबविली जाते. तिचे इंजिन पुनःपुन्हा उतरते, लाकूड कुजले की सांगाडा बदलतो आणि शेवटी सर्वच भंगारात जाते. महाराजांची गाडी वर्षातून चार वेळा बाहेर निघाली म्हणून राहिली. लोकांची गाडी रोज निघाली म्हणून गेली. म्हणून आज शिल्लक असलेल्या जुन्या मोटारींवरून त्या काळच्या प्रवासाचे चित्र रेखाटणे धोक्याचे आहे. ज्याप्रमाणे केवळ राजवाडे उरले म्हणून त्या काळी सर्व लोक राजवाड्यांत राहत असे म्हणता येत नाही, त्याप्रमाणेच हेही समजावे.

५

या तीन उदाहरणांच्या पार्श्वभूमीवर छंदाचे कार्य स्पष्ट होते. वाहन चालते ठेवणे हा एकच उद्देश छंदी मनुष्यापुढे असतो. संग्रहालयास किंवा भक्तास त्याची गरज नसते. परिवहन संस्थेला ती असते, पण नफ्यातोट्याच्या मर्यादेपर्यंतच. इंजिनात व्हाइट मेटल ओतून बेअरिंग तयार करणे, मॅग्नेटोचे वेटोळे पुन्हा गुंडाळणे, सागवानी चौकटीवर हाताने पत्रा ठोकून मडगार्डचा बाक आणणे, ही कौशल्ये कारखान्यांतून केव्हाच नाहीशी झाली आहेत. ती अद्याप जिवंत आहेत ती जुन्या गाड्यांवर काम करणाऱ्या मोजक्या मिस्त्र्यांच्या हातांत. ती लिहून ठेवलेली नाहीत; गुरूकडून शिष्याकडे पाहून शिकण्यानेच ती पुढे गेली आहेत.

परंतु चालते करण्याच्या या उत्साहातच एक हानी दडलेली आहे. दुसऱ्या महायुद्धातील जीपचे उदाहरण घ्यावे. ही जीप विलीस व फोर्ड अशा दोन कारखान्यांत एकाच नमुन्यावर तयार होत असे आणि दोन्हींचे भाग एकमेकांस बसत. युद्ध संपल्यावर लष्कराने विक्रीस काढलेल्या अशा अनेक गाड्या भारतात नागरिकांच्या हाती आल्या. पुढे महिंद्र कंपनीने विलीसच्या जीपची जुळणी मुंबईत सुरू केल्याने सुटे भागही मिळू लागले. आता फोर्डने आपल्या गाडीच्या भागांवर, बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा, इंग्रजी ‘एफ’ हे अक्षर उमटविलेले असे. तसेच चासीचा पुढील आडवा दांडा विलीसच्या गाडीत नळीसारखा गोल, तर फोर्डच्या गाडीत उलट्या पन्हळीसारखा असतो. म्हणजे झिजलेला बोल्ट फेकून नवा बसविणारा मिस्त्री गाडी सुधारतो व त्याच क्षणी तिच्या जन्माचा दाखला नष्ट करतो. रंगाचे जुने थर खरवडून गाडी चकचकीत केली की त्याखालील लष्करी क्रमांकही जातात.

काळाची दुसरी अडचण इंधनाची आहे. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले, आणि २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण अमलात आले. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या व वॉशर खराब करते आणि पाणी शोषून टाकीस गंज आणते. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यापासून उसाच्या अर्थकारणाचा पाया ज्या जिल्ह्यात घातला गेला, त्याच जिल्ह्यातील जुन्या गाड्यांना उसापासून होणारे हे इंधन बाधावे, हा इतिहासाचा एक चमत्कारिक योग होय. नळ्या बदलणे यास्तव अपरिहार्य ठरते. प्रश्न बदलण्याचा नाही. काय बदलले हे लिहून ठेवण्याचा आहे.

६

आपल्या परंपरेत याला समांतर असा एक शब्द आहे, तो म्हणजे जीर्णोद्धार. याच जिल्ह्यातील चौंडी येथे जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर (१७२५–१७९५) यांनी काशीपासून सोमनाथपर्यंत देवालये उभी केली. त्या कार्याचा हेतू जुने दगड राखण्याचा नसून खंडित झालेली पूजा पुन्हा सुरू करण्याचा होता. त्या दृष्टीने पाहता छंदी मनुष्याचे कार्य संग्रहालयापेक्षा या जीर्णोद्धाराला अधिक जवळचे आहे. त्यालाही मूर्तीपेक्षा पूजा, म्हणजे गाडीपेक्षा तिचे चालणे, मोलाचे वाटते. या दृष्टीला कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि जीर्णोद्धारात पूर्वीचे मंदिर कसे होते याची नोंद राहिली नाही म्हणजे इतिहासकाराची जी अडचण होते, तीच येथेही होते.

केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनी या छंदास प्रथमच स्वतंत्र कायदेशीर स्थान दिले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, आणि चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठे फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ मानली जातात. पूर्वी नोंदलेल्या गाडीस आपला मूळ क्रमांक ठेवता येतो. प्रदर्शन, मेळावा, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती व इंधन भरणे यांसाठी ती रस्त्यावर आणता येते. नित्याच्या वा धंद्याच्या वाहतुकीसाठी नाही. अर्थात गाडीने काम सोडावे या अटीवर कायद्याने तिला आयुष्य दिले आहे. जी बस राबून संपली तिला या तरतुदीचा उपयोग नव्हता.

तांत्रिक संशोधनाचा नियमांतील हा उल्लेख विद्यापीठांनी मनावर घ्यावा असा आहे. प्रत्येक जीर्णोद्धारापूर्वी गाडीची छायाचित्रे व मोजमापे घेणे, भागांवरील खुणा उतरवून घेणे, काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून राखणे, नोंदणीपुस्तकातील मालकांची परंपरा जुळविणे आणि मिस्त्र्यांच्या तोंडून त्यांच्या कामाची पद्धत टिपून घेणे, एवढे कार्य पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे. त्यास मोठा खर्च लागत नाही. नगर, श्रीरामपूर, संगमनेर यांसारख्या गावांच्या गॅरेजांतून ज्या वृद्ध कारागिरांनी एस.टी.च्या आरंभीच्या गाड्यांचे सांगाडे पाहिले वा बांधले असतील, त्यांची पिढी आता फार थोडी उरली आहे. बसगाड्या गेल्या, त्या कशा बांधल्या जात हे सांगणारी माणसे जाण्यापूर्वी हे काम हाती घेणे अगत्याचे आहे.