कर्जत-खालापुरातील नवी घरे : ऊर्जाबचतीची मानके नकाशात आणि भिंतीत

खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या कापडगिरण्यांकडे वीज जाऊ लागली ती १९१५ मध्ये. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील तलावांत साठविलेले पाणी बोरघाटाच्या कड्यावरून मोठ्या नळांवाटे खाली आणून टाटा कंपनीने ती निर्माण केली. पाठोपाठ १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. जनित्रांतून बाहेर पडणारे पाणी खोपोलीला पाताळगंगेत आणि भिवपुरीला पेज नदीत जाते. भर उन्हाळ्यात या नद्यांना पाणी दिसते ते मुख्यत्वे त्यामुळेच. शंभरहून अधिक वर्षे मुंबईला वीज पुरविणाऱ्या या दोन तालुक्यांत आता मुंबईकर स्वतःच घर घेऊ लागला आहे. नेरळ, भिवपुरी, कर्जत येथे परवडणाऱ्या सदनिका, चौक ते खालापूर या पट्ट्यात मोठी गृहसंकुले आणि डोंगरांच्या पायथ्याशी शनिवार-रविवारची फार्महाऊसे असे या बांधकामांचे साधारण स्वरूप आहे. पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्गाने त्याला आणखी वेग दिला.

या घरांच्या जाहिरातींत ‘हिरवे’ आणि ‘पर्यावरणपूरक’ हे शब्द हटकून असतात. इमारत ऊर्जाबचत करणारी आहे की नाही, हे ठरविण्याची मोजमापे मात्र बागेत किंवा कारंज्यात नसतात. ती छत, भिंत आणि खिडकी यांच्यात असतात आणि त्यांचे आकडे ठरलेले आहेत.

कायदा काय सांगतो?

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याच्या आधारे ‘ऊर्जा संवर्धन इमारत संहिता’ मे २००७ मध्ये जाहीर झाली. २०१७ मध्ये ती सुधारण्यात आली, परंतु तिचा रोख कार्यालये, हॉटेले, रुग्णालये, मॉल अशा व्यापारी इमारतींवर होता. माणसे राहतात त्या इमारतींसाठी केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको-निवास संहिता’ आणली. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी प्रकल्प हे तिचे कार्यक्षेत्र. त्यानंतर २०२२ मध्ये मूळ कायद्यातच दुरुस्ती होऊन १ जानेवारी २०२३ पासून ती अंमलात आली. १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणी असलेल्या निवासी इमारतीही तिने कायद्याच्या कक्षेत आणल्या. ही मर्यादा आणखी खाली आणण्याचा अधिकार राज्यांना आहे.

आता हे आकडे कर्जतच्या जमिनीवर ठेवून पाहू. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे पाच गुंठ्यांचा बंगल्याचा भूखंड ५०० ची रेघ जेमतेम ओलांडतो आणि तीन-चार गुंठ्यांचा अलीकडेच राहतो. सदनिकेचा जोडभार तीन किलोवॅट धरला तर सोळा-वीस घरांची चार मजली इमारत, पंप आणि सामायिक दिवे धरूनही, १०० किलोवॅटच्या आत बसते. नेरळ-कर्जत पट्ट्यात अशा इमारतींची संख्या मोठी आहे. मोठे संकुल कायद्याच्या जाळ्यात येते. छोटी इमारत आणि छोटा बंगला सुटतो. पंख्याखाली घामाघूम होऊन झोपणारे कुटुंब बहुधा या सुटलेल्या घरातले असते.

शिवाय केंद्राची संहिता प्रत्यक्ष बांधकामापर्यंत पोहोचायची तर ती स्थानिक नियमावलीतून आणि परवानगी देणाऱ्या कार्यालयाच्या तपासणीतून जावी लागते. महाराष्ट्रात २ डिसेंबर २०२० रोजी एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली अधिसूचित झाली. पर्जन्यजल संधारण, सौर जलतापक अथवा छतावरील सौरवीज, सांडपाण्याचा पुनर्वापर यांच्या तरतुदी तिच्यात आहेत. ‘नैना’ क्षेत्र मात्र तिच्या बाहेर असून तेथे सिडकोचे स्वतंत्र नियम आहेत. २०१३ मध्ये ‘नैना’ जाहीर झाले तेव्हा त्यात या दोन तालुक्यांतील गावेही होती. त्याखेरीज ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने माथेरान व परिसराचे २१४.७३ चौरस किलोमीटर क्षेत्र पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील ठरले. तेथे तीव्र उतारावरील बांधकाम, वृक्षतोड आणि भूजल उपसा यांवर निर्बंध आहेत. वीस हजार चौरस मीटर बांधीव क्षेत्रापासून पुढच्या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरली. एकाच तालुक्यातील शेजारशेजारच्या दोन गावांत नियमांचे पुस्तक निराळे असू शकते, ते यामुळे.

छत, भिंत, खिडकी

इमारत संहितांच्या हवामान नकाशात कोकण ‘उष्ण व दमट’ विभागात येते. कर्जत-खालापूर त्याच कोकणात असले तरी समुद्राचा वारा इथवर येईतो मंदावतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. रायगड जिल्ह्यातीलच भिरा येथे २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. सह्याद्रीला टेकलेल्या या पट्ट्याला अलिबागच्या हवामानाचा निकष लावून चालत नाही.

सर्वाधिक उष्णता येते ती छतातून. छतामधून दर चौरस मीटरला, दर अंश तापमानफरकामागे किती वॅट उष्णता आत येते, त्या आकड्याला ‘यू-व्हॅल्यू’ म्हणतात. इको-निवास संहितेने छतासाठी तो १.२ च्या वर असू नये असे ठरविले. नुसत्या सहा इंची काँक्रीट स्लॅबचा आकडा तीनच्या पुढे जातो. त्यावर आपल्याकडे सर्रास केला जाणारा ब्रिकबॅट कोबा घातला तरी तो दोनच्या खाली सहसा उतरत नाही. कोबा हे पाणी अडविण्याचे काम आहे, उष्णता अडविण्याचे नव्हे. तरी अनेक विकासक दोन्ही कामे एकाच खर्चात दाखवितात. सुमारे ४० मिलिमीटर जाडीचा उष्णतारोधक फोमचा थर घातला की आकडा एकच्या खाली येतो. पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांचा गच्चीवरचा थर ऊन परतवितो, तोही उपयोगी. कोकणात पावसासाठी गच्चीवर पत्र्याची शेड घालण्याची रीत आहे. तिच्या सावलीने खालची स्लॅब थंड राहते खरी, पण सौरपट्ट्या कुठे बसवायच्या हा प्रश्न मग उरतो. शेडचा सांगाडा सुरुवातीपासूनच सौरपट्ट्यांचे वजन आणि घाटाखालचा वारा धरून आखला, तर दोन्ही साधते. नंतर बसविलेल्या पट्ट्या आणि गळणारी शेड यांचे भांडण सोसायटीच्या सभेत पोहोचते.

भिंती आणि खिडक्यांतून एकत्रितपणे आत येणाऱ्या उष्णतेसाठी संहितेने दर चौरस मीटरला १५ वॅटची कमाल मर्यादा घातली. भिंतीच्या साहित्याने यात केवढा फरक पडतो, ते ढोबळ हिशेबानेही दिसते. बाहेरच्या भिंतीचा सुमारे सातवा हिस्सा साध्या काचेच्या खिडक्यांचा आहे असे धरले, तर अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली, म्हणजे बांधकाम व्यवसायात ‘मिवान’ नावाने ओळखली जाणारी सहा इंची काँक्रीटची भिंत एकटीच मर्यादेला भिडते. नऊ इंची विटेची भिंत छज्जा नसल्यास मर्यादा ओलांडते आणि छज्जा असल्यास कशीबशी आत बसते. आठ इंची हलक्या एएसी ब्लॉकची भिंत सहज पार होते. भराभर मजले चढविण्यासाठी मिवान पद्धत सोयीची असल्याने मोठ्या संकुलांत तिचा वापर वाढला आहे. म्हणजे ज्या इमारती कायद्याच्या कक्षेत येतात, त्यांच्याच भिंती सर्वांत तापणाऱ्या असण्याचा संभव आहे. त्यांना बाहेरून उष्णतारोधक थर किंवा खोल छज्जे यांवाचून गत्यंतर नाही.

छज्जा ही जुनी आणि स्वस्त गोष्ट. इमारतीचा दर्शनी भाग सपाट व गुळगुळीत दिसावा म्हणून गेल्या काही वर्षांत तीच आधी गळाली. या दोन तालुक्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. छज्जा नसलेली खिडकी चार महिने बंद ठेवावी लागते, मग दमट हवेवर उपाय म्हणून वातानुकूलन यंत्र येते. ठाकर व कातकरी वाड्यांवरील कारवीच्या कुडाची, कौलारू, खाली उतरत आलेल्या छपराची घरे पावसातही वारा घेत असत, हे येथे आठवावे. ती घरे आज कोणी बांधावीत असे नव्हे. छपराची ती झेप काँक्रीटलाही परवडते.

खिडकीबाबतचा दुसरा नियम अधिक दुर्लक्षित आहे. उष्ण व दमट विभागात उघडता येणारा भाग चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे सहावा हिस्सा असावा लागतो. ४५ चौरस मीटरच्या घराला साडेसात चौरस मीटर. सरकत्या खिडकीचा निम्माच भाग एका वेळी उघडतो, त्यामुळे नकाशात मोठी दिसणारी खिडकी हिशेबात अर्धी भरते. पाखे उघडणारी खिडकी जवळपास पूर्ण भरते. बहुतेक नव्या इमारतींत सरकत्या खिडक्याच असतात.

पाणी, सूर्य आणि तारांकने

पर्जन्यजल संधारणाचा खड्डा हा येथे बऱ्याचदा केवळ परवानगीपुरता उपचार ठरतो. काळ्या पाषाणाच्या थरात पाणी साठायला जागा थोडी आणि जुलैत जमीन आधीच तुडुंब भरलेली असते. खड्ड्यात सोडलेले पाणी वाहून उल्हास किंवा पाताळगंगेला जाते आणि एप्रिलमध्ये वाड्यांवर टँकर फिरतात. येथे मुरविण्यापेक्षा साठविण्याच्या टाक्या आणि सांडपाण्याचा पुनर्वापर यांचे मोल जास्त.

छतावरील सौरविजेला फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेने चालना दिली. योजनेनुसार स्वतंत्र घराला तीन किलोवॅटपर्यंत कमाल ७८ हजार रुपये आणि सोसायटीच्या सामायिक वापरासाठी दर किलोवॅटला १८ हजार रुपये अनुदान ठरले. एक किलोवॅटच्या पट्ट्या सरासरी दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देतात. पावसाळ्यात हा आकडा बराच घसरतो.

हरित प्रमाणपत्राचा मामला वेगळा. एकत्रित नियमावलीत तीन, चार आणि पाच तारांकनांच्या ‘गृह’ मानांकनासाठी, किंवा आयजीबीसीच्या रौप्य, सुवर्ण व प्लॅटिनम श्रेणींसाठी, मूळ चटईक्षेत्र निर्देशांकाच्या अनुक्रमे तीन, पाच व सात टक्के जादा क्षेत्र देऊ केले आहे. बक्षीस म्हणून अधिक बांधकाम देण्यातली विसंगती उघड आहे, पण त्याशिवाय विकासक वळत नाहीत हेही खरे. या मानांकनांत ऊर्जेबरोबरच जागेची निवड, कचरा, पाणी, साहित्य अशा अनेक बाबींना गुण असतात. एकूण बेरीज चांगली भरली म्हणजे घर थंड असेलच असे नाही. कर्जतहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस रेल्वेने सुमारे १०० किलोमीटर आहे. आठवड्यातून दोन दिवस मोटारीने येऊन उघडायच्या घरात वाचलेली वीज आणि त्या प्रवासात जळलेले इंधन यांची वजाबाकी कोणतेही तारांकन करीत नाही.

ग्राहकाच्या हाती काय आहे? बांधकामाआधी मिळते ते पूर्वप्रमाणपत्र. ते नकाशावर दिलेले असते. अंतिम मानांकन इमारत उभी राहिल्यावर मिळते, आणि ताबा घेताना मागायचे ते हेच. जाहिरातीतील चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला स्थावर संपदा कायद्याच्या कलम १२ नुसार भरपाई मागता येते. त्यामुळे माहितीपत्रक जपून ठेवणे इष्ट. छताची यू-व्हॅल्यू किती, भिंत कशाची आणि खिडकी किती उघडते, हे तीन आकडे वास्तुविशारदाच्या कार्यालयात असतात आणि लेखी मागितल्यास नाकारण्याचे कारण नाही. ते मिळाले नाहीत तर सर्वांत वरच्या मजल्यावरची सदनिका एप्रिल महिन्यात, दुपारी चारच्या सुमारास, पंखा बंद ठेवून पाहावी.