उजेडाची शिदोरी



इतिहासाचे व्याख्यान म्हटले की किल्ले, लढाया आणि तहनामे ऐकायला मिळणार, असे आपण गृहीत धरून येता. आज मात्र आम्ही एका पेटीविषयी बोलणार आहोत. ही पेटी लहानशा ट्रंकेएवढी असते, तिला वर मूठ असते आणि अंगावर विजेची भोके असतात. बाजारात तिला ‘पोर्टेबल पॉवर स्टेशन’ असे भारदस्त नाव आहे. घरात, शेतावर किंवा मांडवात ठेवावी, तारेशिवाय दिवे लावावेत आणि रिकामी झाली की पुन्हा भरून घ्यावी, असा तिचा उपयोग. ती घ्यावी की न घ्यावी आणि घेतली तर किती टिकेल, असे आज पुष्कळांना विचारावेसे वाटते. हा प्रश्न बाजारातला असला तरी त्याचे मूळ इतिहासात आहे आणि त्याचे उत्तर आम्हाला नरसीला सापडले.

नरसी नामदेव हे गाव हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा स्वतंत्र झाला, तोपर्यंत हा मुलूख परभणीत मोडत असे. इ. स. १२७० मध्ये नामदेव महाराजांचा जन्म ह्याच ठिकाणी झाला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. पंढरपूरची आषाढी आटोपल्यावर वद्य एकादशीला येथे परतवारी भरते आणि दूरदूरचे भाविक कयाधूच्या काठी लोटतात.

गेल्या आषाढात परतवारीच्या आदल्या रात्री आम्ही तेथे एका लहानशा मांडवात बसलो होतो. रात्रभर हरिजागर व्हायचा होता. साडेनऊच्या सुमारास पावसाची सर आली आणि वीज गेली. तेव्हा भजनी मंडळातल्या एका तरुणाने मोठ्या उत्साहाने नवी पेटी पुढे आणली. घरोघर वर्गणी गोळा करून ती नुकतीच घेतली होती. आठ दिवे लागले, कर्णा बोलू लागला. शेजारी बसलेले एक वृद्ध शेतकरी पेटीकडे निरखून पाहत होते. त्यांनी विचारले, “पोरा, किती येळ टिकंल हे?”

“रातभर, आजोबा. दुकानदारानं सांगितलंय.”

म्हाताऱ्याने मान हलवली. थोड्या वेळाने पुन्हा विचारले, “अन् हिरीवरची मोटर चालंल का ह्याच्यावर?” तरुण हसला आणि टाळ वाजवू लागला.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी, अभंग ऐन रंगात असताना, पेटीने एक बारीक शिट्टी घातली आणि सारा मांडव अंधारात बुडाला. कोणी रागावले नाही. एका माउलीने कंदील आणला, टाळ पुन्हा सुरू झाले. पण त्या तरुणाचा चेहरा आम्हाला कंदिलाच्या उजेडात दिसला. गावाचा पैसा आपण पाण्यात घातला, असे त्याला वाटत होते. त्या पोराची खरोखर चूक झाली होती काय, ह्याचा शोध घेण्यासाठी आजचे हे व्याख्यान आहे.

म्हाताऱ्याने विचारलेला पहिला प्रश्न फार जुना आहे. मराठेशाहीच्या दफ्तरांत दिवटे आणि रोषणनाईक भेटतात. दिवटीबरोबर तेलाचे बुधले चालत असे, आणि बुधल्यात तेल किती, वाट किती, हा हिशेब निघण्यापूर्वीच मांडला जाई. पुढे घासलेटचे कंदील आले. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीला ओगले मंडळींनी काचेचा कारखाना काढला आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्राच्या खेडोपाडी पोहोचला. मांडवांत आणि वरातींत गॅसबत्ती आली. ह्या सर्व दिव्यांचे एक वैशिष्ट्य होते. टाकी हलवून पाहिली की आत किती उरले ते हाताला कळत असे. घरची म्हातारी माणसे वात खाली करीत, ती ह्याच हिशेबाने.

वीज साठवण्याची विद्या मात्र परदेशात जन्मली. इटलीच्या व्होल्टा ह्याने १८०० साली पहिली विद्युत्‌घटमाला जगापुढे मांडली. ती एकदा संपली की संपली. रिकामी झाल्यावर पुन्हा भरता येईल असा शिशाचा आणि आम्लाचा घट फ्रान्सच्या प्लांते ह्याने १८५९ मध्ये केला आणि १८८१ मध्ये फॉर ह्या त्याच्याच देशबांधवाने त्यात मोठी सुधारणा केली. त्याच वर्षी मे महिन्यात एक नवल घडले. फॉरच्या घटांनी भरलेली सुमारे एक घनफुटाची पेटी पॅरिसहून ग्लासगोला सर विल्यम थॉमसन ह्यांच्याकडे नेण्यात आली. हेच थॉमसन पुढे लॉर्ड केल्विन झाले. तीत दहा लाख फूट-पौंड शक्ती आहे, अशी वर्तमानपत्रांतून वाहवा झाली. आजच्या मापाने ही शक्ती सुमारे ३७७ वॉट-तास, म्हणजे एका युनिटाच्या दोन पंचमांशाहूनही कमी भरते आणि पेटीचे वजन होते सुमारे ७५ पौंड. नरसीच्या मांडवातल्या पेटीची पणजी ती हीच. आज तेवढीच वीज एका हाताने सहज उचलता येते, एवढाच काय तो फरक.

पण त्या वाहवेने लगेच पुष्कळांचे डोके फिरले. विजेचे डबे दुधाप्रमाणे दारोदार वाटले जातील, अशी स्वप्ने रंगली, कंपन्या निघाल्या, भागभांडवल गोळा झाले. एडिसनसारख्या यंत्रवेत्त्याने चिडून, साठवणीचे घट म्हणजे लोकांना फसविण्याचे साधन आहे, असे १८८३ मध्ये म्हटले. गंमत अशी की पुढे तोच एडिसन लोखंड आणि निकेल ह्यांचा घट करण्याच्या मागे लागला. १९०३ मध्ये त्याने तो बाजारात आणला. घट गळू लागले, शक्ती घटू लागली, तेव्हा उत्पादन थांबवून त्याला पुन्हा प्रयोगशाळेत शिरावे लागले. समाधानकारक घट तयार व्हायला १९०९ साल उजाडले. किती टिकेल, ह्या प्रश्नावर जेथे एडिसनचा हिशेब चुकला, तेथे नरसीच्या पोराला आम्ही कोणत्या तोंडाने दोष द्यावा?

ह्या मधल्या काळात आपल्याकडे काय चालले होते? खोपोलीला टाटांचे जलविद्युत्‌केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, पण त्याचा उजेड मुंबईसाठी होता. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता आणि येथील बहुतेक खेड्यांना विजेचे खांब दिसले ते १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य आणि त्याचे वीज मंडळ स्थापन झाल्यानंतरच्या दशकांत. पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे झाली. येलदरीला वीजही होऊ लागली. तारेतून येणाऱ्या विजेने आपली एक जुनी सवय मोडली. बटण दाबले की दिवा लागतो, मग आत किती उरले हे पाहायचे कशाला? तारेला बुडखा नाही, असे आपण समजून चाललो.

तो समज २००५ नंतरच्या भारनियमनाने उतरवला. खेड्यांत तासन्‌तास वीज नसे. घरोघर इन्व्हर्टर आणि शिशाच्या जड बॅटऱ्या आल्या, त्यांत शुद्ध केलेले पाणी ओतण्याचे नवे कुळाचार सुरू झाले. शेतकऱ्याच्या वाट्याला तर रात्रीची वीज आली. रात्री दोनला उठून, हातात बॅटरी घेऊन, साप-विंचवाच्या वाटेने मोटर चालू करायला जाणे काय असते, हे हिंगोली-परभणीकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. म्हाताऱ्याने मोटरीचा प्रश्न विचारला तो सहज म्हणून विचारला नव्हता.

दरम्यान जगात लिथियमचा घट सिद्ध झाला. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो ह्यांच्या परिश्रमांतून तो उभा राहिला, १९९१ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने बाजारात आणला आणि २०१९ चे नोबेल पारितोषिक ह्या तिघांना मिळाले. लोह आणि फॉस्फेट ह्यांचा वापर करणारा त्याचा अधिक टिकाऊ प्रकार १९९७ मध्ये टेक्ससहून प्रसिद्ध झाला. त्या निबंधावर गुडइनफ ह्यांच्याबरोबर पाधी आणि नंजुंडस्वामी अशी दोन भारतीय नावे आहेत, ह्याचा आपण अभिमान बाळगायला हरकत नाही. आजच्या चांगल्या पेट्यांत बहुधा हाच प्रकार असतो.

आता हिशेबाकडे वळू. ‘किती टिकेल’ हा एक प्रश्न दिसतो, पण त्याच्या पोटात तीन प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न असा : एकदा भरली म्हणजे किती तास? पेटीवर वॉट आणि वॉट-तास असे दोन आकडे असतात. वॉट म्हणजे तोटीची रुंदी, वॉट-तास म्हणजे हौदातले पाणी. नरसीची पेटी ५०० वॉट-तासांची होती. घटातली वीज घरच्या विजेत रूपांतरित होताना काही वाया जाते, म्हणून हाती सुमारे ४२५ आले असे धरू. नऊ वॉटचे आठ दिवे म्हणजे ७२, कर्ण्याचे यंत्र सरासरी ६०, एकूण १३२ वॉट. ४२५ ला १३२ ने भागा. तीन तास आणि वर बारा-तेरा मिनिटे. साडेनऊला लावलेली पेटी बाराचाळीसला विझली, म्हणजे ती आपल्या वचनाला जवळजवळ मिनिटागणिक जागली. दुकानदाराचे ‘रातभर’ एखाददुसऱ्या दिव्यापुरते खरे ठरले असते. मात्र एकच दिवा लावला तरी पेटीतली यंत्रणा स्वतःही थोडी वीज खात असते, हे लक्षात ठेवावे.

मोटरीचेही उत्तर ह्याच भागाकारात आहे. पाच अश्वशक्तीची मोटर सुमारे साडेचार हजार वॉट ओढते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. एवढी रुंद तोटी ह्या पेटीला नाही, ती आधीच बंद पडेल. याच्या दुप्पट, म्हणजे एक युनिट साठवणारी पेटी घेतली आणि तिला तो भार झेपला असे क्षणभर मानले, तरी विहिरीचे पाणी अकरा मिनिटे वर येईल. शेतकऱ्याला रात्रीच्या फेऱ्यांतून सोडवायचे असेल तर दिवसा वीज देणे किंवा सौरपंप बसवणे, हाच मार्ग आहे. पेटी त्याच्या हातातल्या दिव्याचे काम करील, मोटरीचे करणार नाही. हे विकत घेण्यापूर्वी स्पष्ट सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे आणि विचारणे आपले.

दुसरा प्रश्न : किती वेळा भरता येईल? सिद्धेश्वरच्या जलाशयात दर पावसाळ्यात थोडा गाळ बसतो आणि पाण्याची जागा तेवढी कमी होते. घटाचेही तसेच. प्रत्येक भरण्या-रिकामण्यात त्याच्या अंतरंगात थोडा गाळ साचतो. सामान्यतः मूळ साठ्याच्या ८० टक्के उरेपर्यंतच्या फेऱ्या मोजतात. लोह-फॉस्फेटच्या घटाला अशा दोन-तीन हजार किंवा अधिक फेऱ्या मिळतात. निकेल-कोबाल्टच्या लिथियम घटाला बहुधा पाचशे ते हजार. शिशाच्या साध्या बॅटरीला दरवेळी पूर्ण उपसले तर काही शेच. म्हणून पेटी घेताना आत कोणता घट आहे, हे विचारल्याशिवाय किंमत विचारू नये.

तिसरा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही : न वापरता किती वर्षे? पेवातले धान्य कोणी खाल्ले नाही तरी जुने होते. घटही पडून पडून म्हातारा होतो, आणि उन्हात अधिक लवकर. वैशाखात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो. अशा वेळी पत्र्याखाली, शिगोशीग भरून ठेवलेली पेटी लवकर झिजते, आणि पूर्ण रिकामी करून महिनोन्‌महिने टाकून दिलेली कायमचीच निकामी होऊ शकते. निम्म्याच्या आसपास भरलेली, सावलीत, दोन-तीन महिन्यांनी पाहत राहिलेली पेटी दीर्घायुषी होते.

ह्या तिसऱ्या प्रश्नातून व्यवहाराची गोष्ट निघते. समजा, एक युनिटाची पेटी साठ हजारांना घेतली आणि ती तीन हजार वेळा वापरली. रूपांतरातली घट वजा जाता अडीच हजारांवर युनिटे मिळतील आणि पेटीपोटी दर युनिटाला सुमारे साडेतेवीस रुपये पडतील. तीच पेटी वर्षातून वीस रात्री काढली तर दहा वर्षांत दोनशे फेऱ्या होतील आणि युनिट साडेतीनशे रुपयांना पडेल. म्हणून एका कुटुंबाने हौसेखातर घेऊन कपाटात ठेवलेली पेटी महाग, आणि भजनी मंडळ, शाळा, दवाखाना, लग्नघर ह्यांनी मिळून वापरलेली पेटी स्वस्त. गावाने वर्गणीतून ती घेतली, ह्यात पैसा पाण्यात गेला नव्हता. उलट पेटी घेण्याची हीच शहाणी रीत होती. हिशेब मांडायचा तेवढा राहिला होता.

तो हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी कयाधूच्या काठी बसून आम्ही, तो तरुण आणि ते आजोबा अशा तिघांनी कागदावर मांडला. आठांऐवजी तीन दिवे आणि कर्ण्याला रजा. हरिजागराला कर्णा कशाला, असे आजोबाच म्हणाले. एकूण २७ वॉट, आणि यंत्रणेच्या स्वतःच्या खाण्यासाठी दहा वॉट अधिक धरले तरी अकरा तास. भागाकार पुरा होताच तरुणाने कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, “म्हंजे रातभर खरंच टिकली असती, आजोबा.”

“टिकली असती,” आजोबा म्हणाले. “आमी वारीला निघताना शिदोरी बांधतो, तवा तोंडं मोजतो अन् मुक्काम मोजतो. तुझ्या पेटीचं तसंच हाय.”

श्रोतेहो, व्होल्टापासून आजवर सव्वादोनशे वर्षांत घट बदलले, धातू बदलले, वजने उतरली. पण साठवलेली गोष्ट मोजून वापरावी लागते, हा नियम दिवटीच्या बुधल्यापासून तसाच चालत आला आहे. आपल्यापैकी ज्यांना अशी पेटी घ्यायची असेल त्यांनी अवश्य घ्यावी. मात्र दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरी कागदावर तीन ओळी लिहाव्यात : आपला भार किती वॉट, तो किती तास हवा, आणि वर्षातून किती रात्री. हे तीन आकडे खिशात असले म्हणजे समोरचा ‘रातभर’ म्हणाला तरी ती रात्र किती तासांची, हे आपल्याला विचारता येईल.