बाण आधी आला, अर्थ नंतर: पीएचपीमधील ‘->’ या चिन्हाचा इतिहास

१/ जावा, पायथन, जावास्क्रिप्ट या भाषांत ऑब्जेक्टचा गुणधर्म एका टिंबाने मिळतो. पीएचपीत मात्र `$किल्ला->उंची` असा बाण लिहावा लागतो. हा वेगळेपणा कशामुळे? याचे उत्तर व्याकरणापेक्षा इतिहासात अधिक सापडते.

२/ बाण पीएचपीहून बराच जुना आहे. १९६० च्या दशकातील पीएल/वन भाषेत तो आढळतो; पुढे बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी घडवलेल्या ‘सी’ने तो सर्वदूर नेला. तेथे त्याचा अर्थ नेमका होता. पॉइंटर म्हणजे संगणकाच्या मेमरीतील एका जागेचा पत्ता. बाण म्हणजे ‘त्या पत्त्यावर जा आणि तेथील अमुक घटक घे’ ही आज्ञा.

३/ रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये पीएचपी प्रसिद्ध केली, तेव्हा तीत ऑब्जेक्ट नव्हते. इस्रायलमधील टेक्निऑनचे विद्यार्थी झीव सुरास्की व अँडी गुटमन्स यांना ती अपुरी वाटली. त्यांनी तिची नव्याने बांधणी केली आणि जून १९९८ मध्ये तिसरी आवृत्ती आली.

४/ याच आवृत्तीत ऑब्जेक्ट आले आणि याच आवृत्तीत टिंब, पर्लप्रमाणे, मजकूर जोडण्याच्या कामी लागले: `"राय" . "गड"` म्हणजे ‘रायगड’. टिंब असे गुंतलेले; ऑब्जेक्टच्या वाट्याला सी, सी++ आणि पर्लच्या जाणकारांना परिचित असलेला बाण आला.

५/ चिन्ह आले, पण अर्थ मागेच राहिला. तिसऱ्या व चौथ्या आवृत्तीत ऑब्जेक्ट हा जवळपास सजवलेला ॲरेच होता. `$दुसरा = $पहिला` लिहिताच संपूर्ण ऑब्जेक्टची प्रत निघे. बदल प्रतीत होई, मूळ तसेच राही. हे टाळण्यासाठी जागोजागी `&` लिहावे लागे; एक विसरला, तरी कार्यक्रम मुकाट्याने चुकीचे उत्तर देई.

६/ चौथ्या आवृत्तीत (२०००) `::` आले. बाण एका ऑब्जेक्टकडे नेतो, तर हे चिन्ह थेट क्लासकडे. त्याचे अंतर्गत नाव हिब्रू आहे: ‘पामायिम नेकुदोतायिम’, म्हणजे ‘दोनदा अपूर्णविराम’. संस्कृतप्रमाणे हिब्रूतही द्विवचनाची रूपे आहेत. या नावातील दोन्ही शब्द तशीच आहेत. त्रुटीसंदेशात हे नाव अचानक दिसल्यावर जगभरचे नवशिके वर्षानुवर्षे बुचकळ्यात पडत.

७/ १३ जुलै २००४ रोजी पाचवी आवृत्ती आली आणि बाणाला त्याचा अर्थ मिळाला. आता व्हेरिएबलमध्ये ऑब्जेक्ट नव्हे, तर त्याची ओळखखूण राहू लागली. दोन व्हेरिएबल एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवू शकत. प्रत हवीच असेल, तर ‘क्लोन’ असे स्पष्ट सांगणे आवश्यक झाले.

८/ २००९ मध्ये ५.३ आवृत्तीत नेमस्पेस आले, तेव्हा पुन्हा चिन्हाचा प्रश्न उभा राहिला. `::` वापरले असते, तर डावीकडचे नाव क्लासचे की नेमस्पेसचे, हा संभ्रम होता. म्हणून उलटी तिरकी रेघ `\` निवडली गेली. तिच्यावर टीका झाली, पण ती टिकली.

९/ २०२० च्या आठव्या आवृत्तीत `?->` आले: पत्त्यावर कोणीच नसेल, तर त्रुटी न देता रिकाम्या हाती परत ये. टिंबाकडे मजकूर जोडण्याचे काम आजही आहे. ते काढून घ्यावे, तर जुन्या असंख्य संकेतस्थळांचा कोड मोडेल; म्हणून १९९८ ची वाटणी अजून कायम आहे.